अलिंदाचा स्वभाव

हृदयाची गोष्ट निघाली की सगळं कौतुक निलयांच्या वाट्याला जातं, त्यातही डाव्या निलयाच्या. त्याची भिंत सेंटिमीटरभर जाड. त्याच्या आकुंचनांनी रक्त मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जातं. बीपी मोजताना वरचा आकडा उमटतो तोही त्याच्याच जोरावर. वरच्या दोन अलिंदांना शाळेच्या आकृतीत निळा आणि लाल रंग देऊन झाला की त्यांचं नाव पुन्हा निघत नाही. परीक्षेत त्यांच्याबद्दल एकच वाक्य लिहायचं असतं: ‘अलिंदे रक्त गोळा करतात आणि निलयांना देतात.’ एक मार्क.

या एका मार्काला माझा आक्षेप आहे. अलिंद ही नुसती साठवणीची जागा नाही. त्याला चांगला ठसठशीत स्वभाव आहे, आणि आपल्या नाडीच्या वेगात त्या स्वभावाचा हात आहे.

आधी उजव्या अलिंदाची अंगकाठी पाहू. भिंत जेमतेम दोन मिलिमीटरची. आतला दाब पाऱ्याच्या २ ते ६ मिलिमीटरएवढा. शेजारी डावं निलय १२०चा दाब सहज उभा करतं, त्यापुढे हा आकडा सांगायलाही संकोच वाटावा. वरून एक महाशिरा येते, खालून दुसरी, आणि दोन्ही मिळून स्वस्थ बसलेल्या माणसाचंही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त इथे आणून ओततात. येणाऱ्या रक्ताला थोपवील अशी झडप वाटेत नाही. किती यावं, कधी यावं, हे ठरवायचा अधिकार अलिंदाला नाही. जिना धावत चढलात तर जास्त येईल, उन्हात तासभर उभे राहिलात तर कमी येईल. जे येईल ते घ्यायचं. पुढे ढकलण्याचं कामही निम्मंशिम्मं. निलयाकडची झडप उघडली की बरंचसं रक्त आपल्या आपण निलयात उतरतं, आणि शेवटचा पाचवा-चौथा हिस्सा तेवढा अलिंद रेटतं.

ताकद नाही, अधिकार नाही. मग आहे काय? जुन्या वाड्याच्या देवडीवर बसलेल्या माणसाकडे जे असतं ते: आत कोण आलं, किती आले, हे सगळ्यांच्या आधी त्याला कळतं. पातळ भिंत हे इथे दुबळेपण नव्हे, तीच या अवयवाची खरी कमाई आहे. जाडजूड निलयाला जे जाणवणारही नाही, एवढ्या थोड्या रक्ताने अलिंद ताणतं. आणि ताणलं की ते गप्प बसत नाही. स्वभावाने ते हळवं आहे आणि थोडं चहाडखोरही. कानोसा घ्यायचा आणि लगेच तीन ठिकाणी सांगून मोकळं व्हायचं, ही त्याची रीत.

पहिली खबर जाते ती घरातल्या घरात. हृदयाचे ठोके जिथून सुरू होतात ती गाठ, डॉक्टरांच्या बोलण्यातला ‘एसए नोड’, उजव्या अलिंदाच्याच भिंतीत आहे. वरची महाशिरा जिथे येऊन मिळते तिथे. लांबी साधारण १५ मिलिमीटर, जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. तिचा शोध १९०६च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या केंट परगण्यात लागला. आर्थर कीथ या शरीररचनाशास्त्रज्ञाचं तिथे ब्रेडगर गावी घर होतं, आणि मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी त्याच्याकडे काम करायला आला होता. कीथ पत्नीबरोबर सायकलवर फिरायला गेला असताना इकडे फ्लॅक एका चिचुंदरीवजा प्राण्याच्या, म्हणजे जमिनीखाली बिळं करणाऱ्या ‘मोल’च्या, हृदयाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. महाशिरा आणि अलिंद यांच्या सांध्यावर त्याला एक वेगळीच पेशीरचना दिसली. पुढच्या वर्षी दोघांनी ती छापली. साऱ्या शरीराची लय धरणारी गाठ सापडली ती अशी, एका आंधळ्यासारख्या प्राण्याच्या अलिंदात.

आता, गाठ भिंतीत आहे आणि भिंत ताणते, म्हणजे गाठही ताणणार. ताणलेल्या पेशीच्या आवरणातले काही मार्ग उघडतात, धन भाराचे कण आत येतात, आणि पेशी पुढच्या ठोक्याच्या उंबरठ्यावर थोडी लवकर पोचते. ठोके वाढतात. १९५६ मध्ये ब्लिंक्स या संशोधकाने शरीराबाहेर काढलेल्या हृदयावर हे दाखवून दिलं. नसा नाहीत, मेंदू नाही, तरी अलिंदातला दाब वाढवला की गाठ वेग धरते. ही वाढ फार नसते, शंभरास दहा-पंधरा इतकीच. पण ती कुणाला विचारून होत नाही, हे महत्त्वाचं.

याचा जिवंत पुरावा हृदयरोपण झालेल्या माणसांत पाहायला मिळतो. नवं हृदय बसवताना त्याच्या नसा तुटलेल्या असतात आणि त्या जोडता येत नाहीत. मेंदूचा लगाम गेल्यामुळे असं हृदय स्वस्थ बसल्यावरही मिनिटाला ९० ते ११० ठोके देतं. तरी श्वासाबरोबर त्याच्या वेगात किंचित चढउतार दिसतो, कारण श्वास घेताना छातीत रक्त जास्त ओढलं जातं आणि अलिंद ताणतं. त्याहून गमतीची गोष्ट जुन्या पद्धतीच्या रोपणांतली. तेव्हा शस्त्रक्रिया सोपी व्हावी म्हणून रोग्याच्या मूळ अलिंदांचा मागचा भाग तसाच ठेवून त्याला नवं हृदय शिवत. १९६७ मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्डने पहिलं रोपण केलं आणि १९६८च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं. त्यांचा रोगी जगला नाही. पण अशा पद्धतीने रोपण होऊन पुढे जे जगले त्यांच्या ईसीजीत अलिंदांच्या दोन वेगवेगळ्या लाटा दिसत. एक नव्या हृदयाच्या अलिंदांची. दुसरी त्या उरलेल्या जुन्या तुकड्याची, जो अजूनही जुन्या नसांचं ऐकून आपल्या लयीत आकुंचन पावत असे. त्याच्या आकुंचनाचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. मालक बदलला, घर बदललं, तरी याची रोजची हजेरी चालूच.

दुसरी खबर मेंदूला. तिचा माग फ्रान्सिस आर्थर बेनब्रिज या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ मध्ये लावला. त्याने भूल दिलेल्या कुत्र्यांच्या मानेतल्या शिरेतून सलाईन किंवा रक्त भरभर आत सोडलं. हृदयाकडे येणाऱ्या शिरांमधला दाब वाढला आणि ठोके वाढले. धमनीतला दाब कधी वाढला, कधी वाढला नाही. ठोके मात्र वाढलेच. मेंदूपासून हृदयाकडे जाणाऱ्या नसा तोडल्या की ही धाव नाहीशी होई. म्हणजे ही गाठीची स्वतःची करामत नव्हती. अलिंदाकडून मेंदूला काहीतरी कळत होतं आणि मेंदू हृदयावरचा लगाम सैल करत होता.

त्या काळी हे पचायला जड गेलं असणार. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या मारे या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने नेमकं उलटं सांगून ठेवलं होतं: दाब वाढला की नाडी मंदावते. दोन्ही खरं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या दारांवरचं बोलत होते. मारे बोलत होता धमन्यांबद्दल, जिथून रक्त बाहेर पडतं. तिथे दाब चढला की गळ्यातल्या आणि महाधमनीतल्या संवेदकांचा निरोप जातो, ‘पुरे, हळू.’ बेनब्रिज बोलत होता शिरांच्या बाजूबद्दल, जिथे रक्त येऊन पोचतं. तिथे गर्दी झाली की निरोप जातो, ‘माल साचतोय, उरका.’ योगायोग असा की त्याच १९१५ साली केंब्रिजच्या व्याख्यानात स्टार्लिंग हा इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ आपला प्रसिद्ध नियम मांडत होता: हृदयाचा स्नायू जितका ताणला जाईल तितका तो जोराने आकुंचन पावेल. जास्त आलेलं रक्त पुढे काढायचे दोन मार्ग झाले. प्रत्येक ठोका मोठा करायचा, किंवा ठोके वाढवायचे. स्टार्लिंगचं नाव आज वैद्यकीच्या प्रत्येक पोराला पाठ असतं. बेनब्रिज सत्तेचाळिसाव्या वर्षी वारला, आणि त्याचा शोध पुढे कित्येक वर्षं वादात राहिला.

वाद अगदीच अनाठायी नव्हता. इतरांनी तोच प्रयोग केला तेव्हा कधी ठोके वाढले, कधी तसेच राहिले, कधी चक्क कमी झाले. कोलरिज आणि लिंडन यांनी १९५५ मध्ये या गोंधळातला एक धागा सोडवला. प्रयोग सुरू होताना कुत्र्याचं हृदय संथ चालत असेल तर सलाईन दिल्यावर ते वेग घेतं. आधीच धावत असेल तर उलट मंदावतं. माणसांतही असे लोक असतात. निवांत असताना हाक मारली तर लगबगीने उठतील, आणि कामाच्या घाईत असताना तीच हाक आली तर हातातलंही खाली ठेवतील.

पण अलिंदातून खबर नेमकी निघते कुठून? इथे एका भारतीय माणसाचं नाव घ्यायलाच हवं. अवतारसिंग पेंटल. जन्म १९२५, ब्रह्मदेशातल्या मोगोकचा; शिक्षण लखनौच्या किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजात आणि पुढे एडिंबरात. हृदय आणि मेंदू यांना जोडणाऱ्या व्हेगस नसेत हजारो तंतू असतात. पेंटल यांनी मांजरांच्या त्या नसेतून एकेक तंतू वेगळा काढून त्यातून जाणारे संकेत टिपले. १९५३ मध्ये त्यांनी दाखवलं की अलिंदातल्या संवेदकांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारचे, ‘ए’, अलिंद आकुंचन पावतं तेव्हा बोलतात. दुसरे, ‘बी’, ते भरत असताना. भरणं जितकं जास्त तितकी ‘बी’ची बडबड जास्त. किती रक्त आलं याचा हिशेब मेंदूला देणारे हेच. पेंटल पुढे दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे प्रमुख झाले, रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आपल्याकडच्या सामान्य वाचकाला त्यांचं नाव माहीत नसतं. ते असायला हवं होतं, एवढंच म्हणतो.

हे संवेदक अलिंदात सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. शिरा जिथे अलिंदाला मिळतात त्या सांध्यांवर त्यांची दाटी आहे. देवडीवाला उंबऱ्यालाच खुर्ची टाकून बसतो, तसं. इंग्लंडमधल्या लीड्स इथे लेडसम आणि लिंडन यांनी १९६४च्या सुमारास कुत्र्यांच्या डाव्या अलिंदात, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी, छोटे फुगे फुगवले. रक्ताची वाट अडली नाही, फक्त तेवढीच जागा ताणली गेली. ठोके वाढले. निलयाच्या आकुंचनाचा जोर मात्र होता तेवढाच राहिला. खबर इतकी नेमकी होती की उत्तरही नेमकं आलं: वेग वाढवा, बाकी कशाला हात लावू नका.

आणि अशा प्रयोगांत कुत्र्यांना लघवीही जास्त झाली.

ही तिसरी खबर, आणि माझ्या मते सगळ्यांत चलाख. अलिंदाच्या मनातला खरा प्रश्न ‘हृदय किती वेगाने चालावं’ हा नाहीच. ‘शरीरात एकूण पाणी किती झालं’ हा आहे. ठोके वाढवणं ही तात्पुरती सोय. कायमची सोय म्हणजे पाणी कमी करणं, आणि ते काम मूत्रपिंडांचं. १९५६ मध्ये हेन्री, गॉवर आणि रीव्ह्ज यांनी दाखवलं होतं की कुत्र्याच्या डाव्या अलिंदात फुगा फुगवला की लघवीचं प्रमाण वाढतं. नदीत किंवा विहिरीत गळ्याइतक्या पाण्यात थोडा वेळ उभं राहिलं की लघवीला लागते, हा अनुभव पोहणाऱ्या प्रत्येकाला आहे. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने पायातलं आणि पोटातलं रक्त छातीकडे सरकतं. अलिंदाला वाटतं, घरात पाणी फार झालं. शरीरात पाण्याचा एक थेंबही वाढलेला नसतो, पण देवडीवर गर्दी दिसली की याने पुढचा विचार करायचा नाही.

ही खबर नुसती नसांतून जात नव्हती, हे कळायला आणखी पंचवीस वर्षं लागली. १९५६ मध्येच ब्रूनो किश यांना गिनीपिगच्या अलिंदातल्या स्नायुपेशींत बारीक कण दिसले होते, जसे ग्रंथींच्या पेशींत असतात. निलयाच्या पेशींत ते नव्हते. हृदयाच्या स्नायूत ग्रंथीसारखे कण कशाला, हे कोडं पडून राहिलं. कॅनडातल्या किंग्स्टन इथे काम करणारे, मूळचे अर्जेंटिनाचे अडॉल्फो दे बोल्ड त्याच्या मागे लागले. १९८१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. त्यांच्या लघवीतलं सोडियम तीसपटीहून जास्त वाढलं आणि लघवी दहापट झाली. निलयाच्या अर्काने असं काही झालं नाही. अलिंद ताणलं की ते कण फुटून एक संप्रेरक रक्तात सुटतं, पुढे एएनपी म्हणून ओळखलं गेलेलं, २८ अमिनो आम्लांचं. हृदय पंप आहे हे शतकानुशतकं माहीत होतं. ते ग्रंथीही आहे हे १९८१ मध्ये कळलं, आणि तेही या एक मार्काच्या अलिंदामुळे.

अचानक धडधड सुरू होऊन मिनिटाला दीडशे-दोनशे ठोके पडणाऱ्या काही रोग्यांना झटका ओसरताना भरपूर पाण्यासारखी लघवी होते. घाबरून झाली असेल, असं घरचे म्हणतात. पण त्या धावपळीत अलिंदाला रिकामं व्हायला वेळ मिळत नाही, ते ताणतं, संप्रेरक सोडतं, लघवी त्याची. हृदय थकलेल्या रोग्याला डॉक्टर ‘पाण्याची गोळी’ देतात, तीही अलिंदाचंच काम दुसऱ्या वाटेने करते. साक्युबिट्रिल हे अलीकडचं औषध तर शरीर ही संप्रेरकं ज्या वितंचकाने मोडून टाकतं त्यालाच अडवतं. अलिंदाचं पत्र रद्दीत जायच्या आधी नीट वाचलं जावं म्हणून.

इथवर वाचून कुणी आपली नाडी धरून पाय भिंतीला वर लावून झोपेल, तर त्याची निराशा होईल. पायातलं रक्त अलिंदाकडे येईल, पण ठोके फारसे वाढणार नाहीत. १९८२ मध्ये कुत्रा, बबून माकड आणि माणूस यांच्यातल्या या प्रतिक्रियेची तुलना झाली. कुत्र्यात ती जोरकस, बबूनमध्ये कमी, माणसात सगळ्यांत क्षीण. माणसात धमनीवरच्या संवेदकांचा आवाज मोठा. मला वाटतं, दोन पायांवर उभ्या राहणाऱ्या प्राण्याला रक्त जास्त झाल्याची काळजी कमी आणि उभं राहताना ते पायात उतरून मेंदूला कमी पडण्याची काळजी जास्त, म्हणून असं झालं असावं. हा माझा तर्क. तो बाजूला ठेवला तरी निष्कर्ष बदलत नाही. पाठ्यपुस्तकातली बेनब्रिजची आकृती पाहून आपल्या छातीत तसंच ठळक घडतं असं समजू नये.

तरी हा स्वभाव माणसातून गेलेला नाही. भूलतज्ज्ञ त्याला उलट बाजूने ओळखतात. सिझेरियनसाठी किंवा हर्नियासाठी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल दिली की पायातल्या शिरा सैलावतात, रक्त तिथेच रेंगाळतं, अलिंदाकडे कमी येतं. बीपी उतरतं. अशा वेळी नाडी पळायला हवी. काही रोग्यांत ती उलट मंदावते. त्याची कारणं एकाहून जास्त आहेत, पण रिकामं पडलेलं अलिंद हे त्यांतलं एक. ‘कुणी आलंच नाही, घाई कशाला?’ म्हणून भूलतज्ज्ञ सलाईन आणि नाडी वाढवणारं अॅट्रोपिन हाताशी ठेवूनच बसलेला असतो.

आतापर्यंत सांगितला तो थोड्या वेळाचा ताण. तो येतो, अलिंद बोलतं, रक्त पुढे जातं, ताण उतरतो. हा त्याचा धर्मच आहे. ताण उतरलाच नाही तर काय होतं, ते डाव्या अलिंदाकडून ऐकावं.

आपल्या देशात ते सांगणारी माणसं कमी नाहीत. लहानपणी घसा दुखला, ताप आला, सांधे सुजले, बरे झाले, विसरले. त्या संधिवाताच्या तापाने डावं अलिंद आणि डावं निलय यांच्यामधली झडप हळूहळू आखडत जाते. निरोगी झडपेची वाट चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ती दीडच्या खाली आली की आजार गंभीर समजतात. बायकांत हे जास्त आढळतं, आणि बऱ्याचदा पहिल्या गरोदरपणात उघडकीला येतं, कारण तेव्हा शरीरातलं रक्त वाढलेलं असतं. झडपेच्या मागे अडलेलं रक्त डाव्या अलिंदात साचतं, आणि अलिंद ताणत जातं, वर्षानुवर्षं. ‘हार्ट फुगलंय’ असं नातेवाईक सांगतात त्यात कधी कधी हेच असतं. फुगलेलं डावं अलिंद आसपासच्या नसेवर दाब आणून माणसाचा आवाजही बसवू शकतं; व्हिएन्नाच्या ऑर्टनरने १८९७ मध्ये असे रोगी नोंदवले. घोगऱ्या आवाजासाठी घशाच्या डॉक्टरकडे गेलेल्या माणसाचं दुखणं छातीत निघावं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण घडतं.

रोज ताणली जाणारी भिंत शेवटी बदलते. स्नायूंच्या मध्ये तंतुमय ऊतक माजतं, विजेची वाट मोडकी होते. रावेली आणि अॅलेसी यांनी १९९७ मध्ये सशांच्या हृदयांवर दाखवलं की अलिंदातला दाब वाढवला की त्याला अनियमित थरथर सुरू करून देणं सोपं होतं, आणि ताण काढला की काही मिनिटांत ते पूर्वपदावर येतं. हे ताज्या ताणाचं. जुन्या ताणातून परत येणं इतकं सोपं नसतं. थरथर, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, सुरू झाली की अलिंदात मिनिटाला ३५० ते ६०० विस्कळीत संकेत फिरतात. आकुंचन असं उरतच नाही. ईसीजीतली अलिंदाची लाट पुसली जाते. खालच्या निलयापर्यंत त्यांतले काही संकेत पोचतात, कसेही, कधीही, आणि नाडीला ताळ राहत नाही. ज्याने आयुष्यभर वेगाची खबर दिली तेच आता खोट्या खबरांचा मारा करतं. १९९८ मध्ये फ्रान्सच्या बोर्दोमध्ये हाइसागेर आणि सहकाऱ्यांनी या थरथरीच्या ठिणग्या शोधल्या, तेव्हा शंभरातल्या ९४ फुप्फुसांच्या शिरांत सापडल्या. लीड्सच्या फुग्यांनी जो सांधा ताणला होता त्याच्या अगदी पलीकडे.

झडप आखडणं हे याचं एकच कारण नाही. शहरांत आज जास्त दिसणारं कारण म्हणजे वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं बीपी. जाड आणि ताठ झालेलं डावं निलय सहज भरत नाही, आणि त्याचा भार मागे अलिंदावर पडतो. वाढलेलं वजन, झोपेत श्वास अडकणं, हेही त्याच वाटेचे. थरथरणाऱ्या डाव्या अलिंदाच्या लोंबत्या खिशात रक्त साकळतं, गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. या रोग्यांना त्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. म्हणून ‘रक्त पातळ करायची गोळी’. ती चुकवणाऱ्याला आपण कशाशी खेळतोय याची कल्पना नसते.

मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तरुण माणसात श्वास घेताना ती जरा लवकर आणि सोडताना जरा उशिरा लागेल. ती लय आहे, तिला घाबरू नका. पण श्वासाशी काही संबंध नसलेली, कुठल्याच हिशेबात न बसणारी नाडी लागली, विशेषतः साठीनंतर किंवा जुन्या बीपीवाल्याला, तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या. आणि घरातल्या पोराला संधिवाताच्या तापासाठी डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन सांगितलं असेल, तर सांधे बरे झाले म्हणून ते बंद करू नका.